खुर्चीच्या नावे केलेली खोली

१४ जानेवारी

दादा,

कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही, कुणाचं लग्न ठरलेलं नाही. पाकिटावरचं अक्षर पाहून तू दाराशीच उभा राहिला असशील तर आधी बस, मग पुढे वाच. काम आहे. तू आणि मी कामाशिवाय बोलत नाही हे एका परीने बरंच आहे. दोघांची जीभ एकाच सहाणेवर घासलेली, म्यानात असलेली बरी.

तर, आईचं मृत्युपत्र आपटलं.

गेल्या वर्षी तळमजल्यावरच्या तिच्या विणकामाच्या खोलीत मी तुला ते वाचून दाखवलं होतं. चौथ्या मजल्यावर धडधाकट घर असताना आपण खाली वेताच्या भेंडोळ्यांत उभं राहून का वाचत होतो, ते इथे उगाळत नाही. आईने ती खोली तुला दिली नाही, मला दिली नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर तिने स्वतः विणलेली जी खुर्ची ठेवली आहे, तिला दिली. खोली भाड्याने द्यावी, त्या भाड्यातून खुर्ची कायम धड ठेवावी, वेत सैल पडला की नवा विणून घ्यावा, वर दिवा असावा. हे सगळं बघणारी विश्वस्त मी. तू ऐकून 'छान' म्हणालास आणि गाडी पकडायला गेलास.

मृत्युपत्र लिहिलं तिसऱ्या मजल्यावरच्या विमाकाकांनी. जन्मभर लोकांच्या मरणाचे अर्ज भरल्यामुळे ह्या विषयातलं आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची समजूत. आई त्या खुर्चीवर बसून आपल्या दोघांच्या नावाने बोटं मोडत होती, तेव्हा त्यांनी विचारलं की मग खोली ठेवायची कुणाला. ती म्हणाली, त्या दोघांना देण्यापेक्षा ह्या खुर्चीला देईन. दुसऱ्या कुणाला हा टोमणा कळला असता. विमाकाकांनी लिहून घेतलं. वर ओळख पटावी म्हणून खुर्चीची उंची, रुंदी आणि वजनही टाकलं. आईने ते वाचलं, पोट धरून हसली म्हणे, आणि सही ठोकली. आता ती हसली कशाला आणि सही केली कशाला, हे विचारायची सोय राहिलेली नाही.

खोली एका चष्मेवाल्याने भाड्याने घेतली आहे. सरळ माणूस. त्याला पावतीवर मालकाचं नाव हवं. म्हणून मी नोंदणी कचेरीत गेले. कारकुनाने विचारलं, मालक कोण? मी म्हटलं, खुर्ची. तो मान वर न करता म्हणाला की बाई, इथे सगळे खुर्चीच्याच नावाने सगळं करतात, पण लिहायला माणसाचं नाव लागतं. मग त्याने वय विचारलं, वडील विचारले. वडिलांच्या जागी सागवान लिहा म्हटल्यावर त्याने साहेबाला बोलावलं आणि साहेबाने मला वकिलाकडे धाडलं.

वकीलबाई आपल्या ओळखीच्या. मी ज्या दातांच्या दवाखान्यात काम करते तिथे त्यांची दाढ महिनाभर आमच्या ताब्यात होती, त्यामुळे सल्ला फुकट. त्यांनी मृत्युपत्र वाचलं, चष्मा काढला, आणि हा ट्रस्ट उभाच राहत नाही म्हणाल्या. कारण त्याला लाभार्थी नाही. मी म्हटलं, खुर्ची आहे की.

"खुर्ची येणार आहे का कोर्टात? उद्या तुम्ही ती फोडून चुलीत घातली, तर तुम्हाला जाब कोण विचारणार?"

"माझं मन."

"मनाला वकीलपत्र देता येत नाही."

कायद्याचं म्हणणं असं की दुसऱ्याची चीजवस्तू तुमच्या हाती विश्वासाने दिली, तर तुम्ही तो विश्वास पाळताय की नाही हे बघणारं, आणि नाही पाळला तर तुमची मानगूट धरणारं हक्काचं माणूस पाहिजे. नुसता हेतू चालत नाही. हेतू कितीही उदात्त असला तरी तो फिर्याद करत नाही. मनात आलं, आपल्या घराण्यात तक्रार करणाऱ्यांचा कधी तुटवडा नव्हता, आणि नेमकं हवं तेव्हा एक मिळू नये.

ट्रस्ट पडला की खोली वारसांकडे परत येते. म्हणजे अर्धी तुझी, अर्धी माझी. विकायची तर चष्मेवाला आजच घ्यायला तयार आहे. पण मग खुर्चीसाठी भाडं नाही, आणि तिचा वेत आत्ताच एका कोपऱ्यात सुटायला लागलाय. मला ती राहायला हवी आहे. वकीलबाई म्हणतात, दोघा वारसांनी मिळून नवा, नीट ट्रस्ट केला तर सगळं वाचेल. दोघांनी. त्यासाठी तुझी सही पाहिजे.

झालं. काम संपलं. तब्येतीला जप, असं लिहायची पद्धत आहे.

तुझी बहीण

२ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. त्याला पत्र म्हणायचं की पाटी, हा प्रश्न आहे. 'कायदा तो कायदा. विकून टाक. अर्धं अर्धं.' एवढं लिहायला तुमच्या लिफ्टकंपनीचा गुळगुळीत कागद वाया घालवलास. सोबत लिफ्टचं माहितीपत्रक पाठवलंस ते मात्र सवडीने वाचलं. त्यातली बाई लिफ्टमध्ये उभी राहून इतकी हसते आहे की तिला वरच्या मजल्यावर कुणाला भेटायचं नसावं.

आता तू विषय काढलाच आहेस तर मीही काढते. नऊ वर्षांपूर्वी तू ह्याच कंपनीचा आराखडा घेऊन आलास. लिफ्टचा खड्डा बरोब्बर आईच्या खोलीतून जाणार होता. मागच्या चौकात मोकळी जागा होती, ती तुला चालेना, तिथे पाइप आडवे येतात म्हणे. आई म्हणाली, माझा वेत मी कुठे भिजवू? तू म्हणालास, वेताचा जमाना गेला. मग तिने नाही म्हटलं, बिऱ्हाडकरूंनीही नाही म्हटलं, आणि तू सगळ्यांसमोर जाहीर केलंस की लिफ्ट बसेपर्यंत ह्या जिन्याची एक पायरी चढणार नाही. आख्ख्या शहराला वर-खाली करणारा माणूस, आणि सख्ख्या आईच्या घरी लिफ्ट बसवू शकला नाही. तुझी ऑफिसात चेष्टा झाली असणार हे मला कळतं. पण पडलो तरी नाक वर ही आपल्या घरची जुनी बीमारी आहे. मलाही आहे, म्हणून नाव माहीत आहे.

विकून टाकायला माझी ना नाही, असं मी लिहिणार नाही, कारण ना आहे. पण तू कायद्याचं नाव घेतलंस म्हणून पुन्हा वकीलबाईंकडे गेले. ह्या वेळी त्यांची दुसरी दाढ दुखत होती, देव पाठीशी आहे.

मी विचारलं, बिनमाणसाचा ट्रस्ट कधीच चालत नाही का? त्या म्हणाल्या, सगळ्या लोकांच्या भल्यासाठी असेल, शाळा, दवाखाना, तर चालतो, कारण तिथे जाब विचारायला सरकार असतं. पण एका खाजगी इमारतीच्या जिन्यातली खुर्ची ही काही लोककल्याणात मोडत नाही. मग म्हणाल्या की पूर्वी काही न्यायाधीशांनी कबरीच्या डागडुजीला आणि मेलेल्या मालकाच्या कुत्र्याच्या सांभाळाला डोळे मिटून परवानगी दिली होती. कुत्र्याला चालतं, खुर्चीला चालत नाही. म्हणजे आपल्या खुर्चीने भुंकायला शिकलं पाहिजे. वकीलबाई हसल्या आणि लगेच गाल धरून कळवळल्या.

शिवाय आईने 'कायम' लिहिलंय, तेही कायद्याला खपत नाही. कायम म्हणजे किती वर्षं ते ठरवा म्हणतात. मेलेल्या माणसांनी जिवंत माणसांच्या मानेवर फार काळ बसू नये अशी कायद्याची इच्छा असते. कायदा आपल्या घरात कधी राहिलेला दिसत नाही.

पण वाट आहे. हेतू नुसता खुर्चीचा न ठेवता तिचा उपयोग होणारी ठरावीक, ओळखता येणारी माणसं ट्रस्टमध्ये लिहायची: ह्या जिन्याने वर जाणारे रहिवासी. मग ते लाभार्थी. मी वेत विणून घेतला नाही तर ते मला कोर्टात खेचतील. वकीलबाईंनी मला एकच काम सांगितलं, असे लाभार्थी गोळा करा. नऊ वर्षं ती खुर्ची एक मिनिट रिकामी नसते. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत होऊन जाईल.

किती भोळी मी.

तुझी बहीण

२३ फेब्रुवारी

दादा,

तू उत्तर दिलं नाहीस. मी तरी लिहिते, कारण परवाची सभा कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि इथले सगळे त्या सभेत होते.

आधी मी दारोदार गेले. दुसऱ्या मजल्यावरचे व्हायोलिनमास्तर रोज वर गच्चीत जाताना त्या खुर्चीवर बूड टेकतात, चांगली दोन गाणी गुणगुणून होईपर्यंत. त्यांना विचारलं, तुम्ही लाभार्थी व्हाल का? ते म्हणाले, छे, मी कुठे बसतो, मला काय झालंय? बसतात ते विमाकाका. विमाकाका म्हणाले, मी एका दमात चढतो, फार तर बुटाची नाडी बांधायला टेकतो. ते चपला घालतात. पहिल्या मजल्यावरच्या बाई, ज्यांना आपण अध्यक्षबाई म्हणतो, त्यांच्या वाटेत तर खुर्ची येतच नाही, पण त्यांची गप्पा मारायची जागा तीच. त्या म्हणाल्या, मी फक्त म्हाताऱ्या माणसांना सोबत करते. कुठली म्हातारी माणसं, ते त्यांना सांगता येईना.

म्हणजे बघ. खुर्ची सगळ्यांना हवी, पण दुसऱ्यासाठी. बसतं सगळं गाव आणि दमलेलं कुणीच नाही. कायद्याला नेमकं एवढंच हवं होतं की कुणीतरी पुढे येऊन म्हणावं, होय, हिचा मला उपयोग होतो.

तू मला विचारशील म्हणून आधीच सांगते. मी विश्वस्त आहे. विश्वस्ताने बसायचं नसतं. ती फक्त डाव्या बाजूला कलून बसलं की करकरते, तेही थोडंसंच, आणि उजवा हात टेकवायला कठड्याची उंची अगदी बरोबर आहे. हे माझ्या ऐकिवात आहे.

शेवटी वकीलबाईंना बोलावलं. आमच्या बैठकीत सगळे जमलेले, आणि त्या येईनात. खाली बघितलं तर त्या वळणावर बसलेल्या, पर्स मांडीवर, डोळे मिटून. वर आल्यावर म्हणाल्या की आईंचा हेतू आता त्यांना नीट कळला.

त्यांनी लाभार्थी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. कुणी हललं नाही. सगळे पंख्याकडे बघत होते. मग त्या सहज म्हणून गेल्या की लाभार्थ्याला विश्वस्ताकडून हिशेब मागता येतो, कामात कसूर झाली तर विश्वस्ताला कोर्टात उभं करता येतं.

खोलीत एकदम जीव आला. अध्यक्षबाईंनी विचारलं, म्हणजे हिला? माझ्याकडे बोट दाखवून. वकीलबाई म्हणाल्या, हो, ह्यांनाच. त्यानंतर दादा, तुला सांगते, इमारतीतल्या एकूण एक गुडघ्याने दुखायला सुरुवात केली. मास्तरांना जुना लचकलेला घोटा आठवला. विमाकाकांनी धाप लागते ही गोष्ट प्रथमच मान्य केली आणि वर विचारलं की दोन मजले चढणाऱ्यापेक्षा तीन मजले चढणाऱ्याचा हक्क जास्त धरायचा का. अध्यक्षबाईंचं म्हणणं पडलं की खुर्ची आठवड्यातले निम्मे दिवस खाली पहिल्या मजल्यावर आणावी. त्यावर मास्तर म्हणाले, मग तुमच्या घरातून पडणाऱ्या पाण्याचाही ट्रस्ट करा, त्याचे लाभार्थी खालचे लोक आहेतच. तिथून पुढे कुणाचा पायपोस कुणाच्या पायात राहिला नाही. वकीलबाई मात्र खूष होत्या. चहा पिताना मला हळूच म्हणाल्या, आता हा ट्रस्ट जिवंत झाला, माणसं भांडतायत.

मसुदा तयार आहे: 'इमारतीचे त्या त्या वेळचे रहिवासी.' मुदतही घातली आहे, आत्ता जिन्यात धिंगाणा घालणारी पोरं म्हातारी होऊन स्वतः खुर्चीत बसतील तोवर पुरेल इतकी. सगळ्यांनी नावं दिली. अध्यक्षबाईंनी तर हिशेब कधी मिळणार हेही विचारून ठेवलं आहे, अजून ट्रस्ट व्हायचाय.

फक्त तुझी सही राहिली. तू नाही म्हणालास तर हे सगळं हवेत, आणि पुढच्या महिनाअखेर चष्मेवाल्याला विकण्यावाचून मला गत्यंतर नाही, कारण अर्ध्या मालकाला बाजूला ठेवून मला काही करता येत नाही. तो खोलीच्या मागच्या भिंतीला खिडकी पाडणार म्हणतो. पाडू दे बापडा. पण कळव.

तुझी बहीण

५ मार्च

दादा,

ह्या वेळी तू मोठं पत्र लिहिलंस. दोन पानं. राग आला की तुझं अक्षर सुधारतं, हे लहानपणापासून आहे.

तू लिहितोस की ती खुर्ची आईने तुला खिजवायला ठेवली. तू लिफ्ट म्हणालास म्हणून तिने खुर्ची म्हटलं, आणि मेल्यावरही खोली अडकून राहावी, तुझा खड्डा कधी खणला जाऊ नये म्हणून मृत्युपत्राचा खटाटोप केला. आणि अशा कागदावर तू सही कशी करावी, असं मलाच विचारतोस.

मी दोन दिवस हे पत्र फिरवून फिरवून वाचलं. दवाखान्यात माझ्या हातून एका गृहस्थाच्या तोंडात कापसाचे बोळे जरा जास्तच गेले. जे सांगायचं नाही असं आईला कबूल केलं होतं, ते मी आता सांगणार आहे. तिने मला कोर्टात खेचावं.

तुझ्या त्या प्रतिज्ञेनंतर तू काही यायचा थांबला नाहीस. वर चढायचा थांबलास. कामासाठी शहरात आलास की फाटकाबाहेर उभा राहायचास आणि वर निरोप धाडायचास, आई खाली आहे का? खाली असली तर ठीक. नसली तर मला सांगायला लागायचं, अगं, तो आलाय. ती स्वयंपाक टाकून, केस बांधत बांधत, चार मजले उतरून यायची. तुला वाटायचं ती खालीच होती. तिने मला तसंच सांगायला लावलं होतं.

उतरताना तिला काही वाटायचं नाही. तू गेलास की चढायचं असायचं. एकदा ती दुसऱ्या मजल्याच्या पुढे पायरीवरच बसली. मी धावत गेले, तर मलाच म्हणाली, ओरडू नकोस, पायरी गार आहे म्हणून बसले. दुसऱ्या दिवशी तिने ती खुर्ची विणायला घेतली. आणि पुढच्या खेपेला तू गेल्यावर ती तिथे टेकली, तर मास्तर आले, ते थांबले, मग अध्यक्षबाई आल्या, आणि तासभर ती वर आलीच नाही. मला वाटलं पडली. बघते तर तिथे दरबार भरलेला, आणि आई सगळ्यांना सांगत होती की माझ्या मुलाने अमुक मोठ्या रुग्णालयात सहा लिफ्टा बसवल्या, आवाज म्हणून येत नाही.

खिजवायला नव्हे रे. तुला खाली भेटून वर परत येता यावं म्हणून होती ती खुर्ची.

हे वाचून रडबिड करू नकोस. ती फार मजेत असायची तिथे. तू आलास की तिला दोन समारंभ मिळायचे, एक खाली आणि एक मधे.

सही कर अगर करू नको. पण ह्या कारणासाठी नाही म्हणू नकोस, दुसरं शोध.

तुझी बहीण

२० मार्च

प्रिय दादा,

वरचा पहिला शब्द चुकून पडलेला नाही.

तुझं पत्र घेऊन मी तशीच वकीलबाईंकडे गेले. त्यांच्याकडे दुसरे अशील बसले होते, जमिनीच्या वादातले, ते म्हणाले बाई आधी तुमचं होऊ द्या, तुमचा चेहरा बघून आमचं काही गंभीर नाही असं वाटतंय.

आई, खुर्ची, मागचं पत्र, ह्यातल्या कशाविषयी तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. मला तेच अपेक्षित होतं. तू लिहिलंस काय, तर मसुद्यातल्या व्याख्येवर आक्षेप! 'लाभार्थी म्हणजे रहिवासी, ही व्याख्या सदोष आहे. मी रहिवासी नाही. मी आईचा मुलगा आहे. तळमजल्यावरच्या खोलीचा अर्धा मालक म्हणून मी सही करायची, आणि खुर्चीवर बसण्याचा अधिकार व्हायोलिनवाल्याला असणार, अध्यक्षबाईंना असणार, मला नसणार? दुरुस्ती केल्याशिवाय सही नाही.'

वकीलबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी कागद माझ्या हातून घेऊन पुन्हा वाचला. मग म्हणाल्या, "इतक्या वर्षांत लाभार्थी व्हायला स्वतःहून भांडणारा हा पहिलाच."

मी विचारलं, त्याला घालता येईल का? त्या म्हणाल्या, न घालायला काय झालं, आईची मुलं म्हणून दोन ओळखीची माणसं वाढवू, त्यांना कायद्याची कुठलीच अडचण नाही. मग माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाल्या की दोन म्हणतेय मी, त्या मागच्या खेपेला मी चढत असताना तुम्ही माझ्या आधी तिथून उठलात ते मी पाहिलंय. विश्वस्तालासुद्धा लाभार्थी होता येतं, फक्त एकट्यानेच सगळं व्हायचं नसतं. मी म्हटलं, मी फक्त वेत तपासत होते. त्या म्हणाल्या, तपासा, हक्काने तपासा.

बरं, ऐक. डाव्या गुडघ्याचं आहे. गेल्या पावसाळ्यापासून. डॉक्टर म्हणतात विशेष नाही, जिने कमी चढा, आणि फी घेतात. तुला कळवलं नाही कारण तू लगेच माहितीपत्रक पाठवलं असतंस.

नवी व्याख्या अशी झाली आहे: इमारतीचे त्या त्या वेळचे रहिवासी, आणि आईची दोन्ही मुलं, 'जे जे जिना चढून वर जातील ते.' शेवटचे शब्द माझे. वकीलबाईंनी विचारलं, ह्याची कायद्याने गरज आहे का? मी म्हटलं, कायद्याने नाही. त्यांनी राहू दिले.

आता अडचण तुझी. नुसता मुलगा असून भागणार नाही. खुर्ची दुसऱ्या मजल्याच्या पुढे आहे. खालून कुणी लाभार्थी होत नाही.

वाट बघते.

तुझी बहीण

२ एप्रिल

प्रिय दादा,

तुझं पत्र म्हणजे काय प्रश्नपत्रिका आहे! पायरीची उंची किती, पायरीची रुंदी किती, वळणावर उजेड कसा आहे, कठडा लाकडी की लोखंडी. मी काहीही मोजून कळवणार नाही. पण इमारतीत सगळ्यांना वाचून दाखवलं. ज्याला यायचं नसतं तो पायरीची उंची विचारत नाही, असं विमाकाका म्हणाले, आणि ह्या एका वाक्यासाठी मी त्यांना मृत्युपत्र माफ केलं.

प्रतिज्ञेचं काय, असंही तू विचारलंस. मोडली तर हसं होईल म्हणतोस. होईल. अध्यक्षबाई तर नऊ वर्षं त्याच्याच तयारीत आहेत. त्यांना एवढं वंचित कशाला ठेवायचं? तरी वकीलबाईंना विचारून घेतलं. त्या म्हणाल्या, प्रतिज्ञा पाळली नाही तर जाब विचारायला ज्याला हक्क आहे असं कुणी आहे का? मी म्हटलं, एकच होती. त्या म्हणाल्या, मग ती कायद्याने केव्हाच गळून पडली.

सोबत पाठवलेला नवा आराखडा पाहिला. लिफ्ट मागच्या चौकातून, पाइपांना वळसा घालून. म्हणजे पाइपांना वळसा घालता येतो तर. तुला नऊ वर्षं लागली, पाइप तेच आहेत. सभेपुढे ठेवते. मास्तरांचा विरोध राहील, ते म्हणतात लिफ्ट झाली तर गुणगुणायचं कुठे. मी त्यांना सांगितलं की तुमचा हक्क आता कागदावर आहे, लिफ्ट कितीही आली तरी खुर्ची हलवायची माझी छाती नाही, तुम्ही मला कोर्टात न्याल. ते फार समाधानाने वर गेले. वाटेत बसले, आणि ह्या वेळी कुणी आलं तरी उठले नाहीत.

कोपऱ्यातला वेत नवा विणून घेतला. आईच्या हाताची जाळी नाही ती, कारागिराने जरा ताणूनच ओढलाय, बसलं की पहिले काही दिवस टोचेल. तुला सवय आहे टोचून घ्यायची, मी आहे ना.

सह्या रविवारी सकाळी. खरं सांगायचं तर सही कुठेही चालली असती. वकीलबाईंचं ऑफिस स्टेशनसमोरच आहे, तळमजल्यावर, तू पाच मिनिटांत करून परत गेला असतास. त्यांनी तसंच सुचवलं होतं. मी म्हटलं, नाही, आमच्याकडे, चौथ्या मजल्यावर. कागद वर, साक्षीदार वर, चहा वर. आणि निरोप घेऊन खाली कुणीही येणार नाही, हे सगळ्यांना बजावून ठेवलंय.

तेव्हा ये. घाई करू नकोस, कंपनीची घड्याळं लावून धावत चढू नकोस, तू काही पोरगा राहिलेला नाहीस. दुसऱ्या मजल्यावर मास्तर दार उघडून बघतील, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस. त्यापुढचं वळण आलं की बस. दम लागला असो वा नसो, बस. वकीलबाई म्हणतात, सह्या होईपर्यंत तू लाभार्थी नाहीस, तोवर तुला कुणी ऊठ म्हणालं तर त्याला तसं म्हणता येईल. पण म्हणणार कोण? विश्वस्त मी आहे, आणि मी वर दारात उभी असेन.

तुझी धाकटी